पुढच्या चकत्या बदलण्याआधी पुढचा डिरेलर मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घाटात सायकल चालवणाऱ्यांसाठी जो लेख आला होता, तो आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांनी वाचला. लेख चांगलाच होता. पाणी कधी प्यावं, उतारावर ब्रेक कसे धरावेत, हे सगळं पटण्यासारखं. पण त्यात एक सल्ला असा होता की चढ जड जात असेल तर रोड बाइकला पुढे, पेडलपाशी, लहान दातेरी चकत्यांचा ग्रॅव्हल क्रँकसेट (कच्च्या रस्त्यांच्या सायकलचा पेडल-दांड्यांचा आणि चकत्यांचा संच) बसवून घ्या, गिअर सोपे होतात. हा सल्ला अर्धा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात लोकांचे पैसे जातात. त्यासाठी हे पत्र. लांबलं आहे, पण जागेसाठी काही गाळावं लागलं तर आकडे तेवढे गाळू नका.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर ट्रेडची निदेशक होते. निवृत्त झाल्यापासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिन्याखाली एक टेबल, एक व्हाइस आणि सायकलचा स्टँड एवढं मांडून बसते. आसपासची मुलं सायकली आणतात. त्यांतल्या गिअरच्या तक्रारींत पुढच्या डिरेलरचीच, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचीच, तक्रार जास्त. मागचा डिरेलर तसा सोशिक असतो. केबल थोडी सैल झाली तर जरा कुरकुरतो, पण काम करतो. पुढच्या डिरेलरचं तसं नाही. त्याला भरल्या जोरात चालणारी चेन बाजूने ढकलून एका चकतीवरून दुसरीवर न्यायची असते. तिथे दोन मिलिमीटरचा फरकसुद्धा चालत नाही.

आमच्याच इमारतीतल्या एका तरुणाची गोष्ट सांगते. चाकणला शिफ्टमध्ये काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे सायकल काढतो. त्याला २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे वेळ बांधलेली लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची आहे, जी साडेतेरा तासांत पुरी करावी लागते. सरावासाठी वाईहून पसरणी घाट चढायला गेला आणि गुडघे धरून परत आला. सायकल चांगली आहे, शिमानो कंपनीच्या १०५ गटातले आर७००० मालिकेचे गिअर, पुढे ५०-३४ दात्यांच्या चकत्या, मागे ११-२८ ची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच). कुणीतरी तोच सल्ला दिला. तो एका दुकानात गेला, त्यांनी त्याला ४६-३० चा जीआरएक्स (शिमानोच्या ग्रॅव्हल मालिकेचा) क्रँकसेट बसवून दिला. क्रँक बसला, कारण त्याचा २४ मिलिमीटरचा दांडा जुन्याच बॉटम ब्रॅकेटमध्ये (फ्रेममधल्या क्रँकच्या बेअरिंगमध्ये) जातो. आणि एकदा बसला की सगळ्यांना वाटतं, जमलं.

जमलं नव्हतं. लहान चकतीवरून मोठ्या चकतीवर चेन चढेना. चढलीच तर डिरेलरच्या पिंजऱ्याच्या (चेन ज्यामधून जाते त्या दोन पट्ट्यांच्या) बाहेरच्या पट्टीला घासत राहायची. दुकानात आधी केबल ताणून दिली. मग केबल आणि आउटर (केबलवरची नळी) नवीन टाकले. मग सांगितलं की डिरेलरच गेलाय. मुलाने नवीन डिरेलर घेतला, त्याच मॉडेलचा, आणि अर्थातच पुन्हा तेच. शेवटी सायकल माझ्याकडे आली. म्हणाला, "काकू, एवढे पैसे घालून आता लहान चकतीवरच चालवायची का?"

मी कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी अॅलन कीचा संच घेतला. पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याची बाहेरची पट्टी आणि मोठ्या चकतीचे दाते यांच्यात, पट्टी बरोबर दात्यांवर आणल्यावर, १ ते ३ मिलिमीटर अंतर असायला हवं. २ मिलिमीटरची की त्यात सहज जावी आणि ४ ची अडावी, हा माझा गेज. इथे ६ ची की आडवी घातली तरी खालीवर हलत होती. एवढ्या उंचीवरून पिंजरा चेनला नीट धक्का देऊच शकत नाही. चेन वाकते, पिळते, पण दात्यावर जात नाही.

हे अंतर का पडलं, त्याचा हिशेब साधा आहे आणि तो प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावा असं मला मनापासून वाटतं. सायकलच्या चेनचा पिच अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. चकतीला एक दाता कमी झाला की तिचा परीघ १२.७ मिलिमीटरने घटतो आणि त्रिज्या साधारण २ मिलिमीटरने. ५० वरून ४६ म्हणजे चार दाते, म्हणजे चकतीची कड ८ मिलिमीटर खाली गेली. डिरेलरही तेवढाच खाली यायला हवा. या सायकलवर डिरेलर पट्ट्याने सीट ट्यूबला (सीटखालच्या उभ्या नळीला) आवळलेला नाही, फ्रेमवरच्या कायमच्या ब्रेझ-ऑन कानावर बसतो. त्या कानाला एक लांबट खाच असते आणि डिरेलर तेवढ्याच खाचेत वरखाली होतो. दुकानवाल्यांनी तो खाचेच्या अगदी तळाला नेऊन ठेवला होता. त्याखाली जागाच नव्हती. फ्रेम बनवणाऱ्याने तो कान ५० ते ५३ दात्यांच्या चकतीसाठी लावलेला असतो, ४६ साठी नाही.

पट्ट्याचा डिरेलर असता तर खाली सरकवता आला असता. तरी तिथेही एक अडचण येते, ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पिंजरा खाली आणत गेलं की त्याची मागची शेपटी चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला) टेकते. शिवाय पिंजऱ्याची कमान मोठ्या चकतीच्या गोलाईला धरून केलेली असते. लहान चकतीवर ती पुढे जवळ आणि मागे दूर राहते. थोडं चालून जातं, पण त्याला मर्यादा आहे.

उंचीनंतर दुसरं दुखणं आडव्या अंतराचं. जीआरएक्सच्या चकत्या शिमानोने मुद्दाम रोड क्रँकपेक्षा २.५ मिलिमीटर बाहेरच्या बाजूला ठेवल्या आहेत, रुंद टायरला जागा मिळावी म्हणून. म्हणूनच जीआरएक्सच्या क्रँकबरोबर जीआरएक्सचाच पुढचा डिरेलर वापरा असं कंपनी स्वतः सांगते. मी व्हर्नियरने सीट ट्यूबच्या मध्यापासून दोन चकत्यांच्या मध्यापर्यंत मोजलं, फरक तेवढाच भरला. १०५ चा डिरेलर तितका बाहेर जाण्यासाठी घडवलेलाच नाही. दुकानात एच स्क्रू पूर्ण मागे घेऊन ठेवला होता, तरी पिंजरा पोचत नव्हता. एच आणि एल हे स्क्रू फक्त बाहेरची आणि आतली हद्द ठरवतात, ते डिरेलरला जास्त लांब नेत नाहीत. माझ्याकडे शिकून गेलेल्या मुलांना मी हे शंभरदा सांगितलेलं आहे: हद्दीचा स्क्रू सैल करून ताकद वाढत नसते.

म्हणजे त्या सायकलवर नवीन केबल, नवीन आउटर, नवीन डिरेलर यांतलं काहीच बिघडलेलं नव्हतं. सगळं नवं आणि चांगलं होतं, फक्त एकमेकांचं नव्हतं.

मग जीआरएक्सचाच पुढचा डिरेलर का नाही घेतला, असं कुणी विचारेल. केबल खेचण्याच्या मापात तो ११ स्पीडच्या (मागे ११ चकत्या असणाऱ्या) रोड बाइकच्या गिअर लिव्हरशी जुळतो आणि आडवं अंतरही बरोबर येतं. पण कानाची उंची तीच राहते. तो पुरेसा खाली येईल का, हे त्या फ्रेमवर मोजल्याशिवाय कुणीच सांगू नये. आणि मला त्याहून महत्त्वाचा प्रश्न पडला होता: या मुलाला खरोखर क्रँक बदलायची गरज होती का?

पुरवणीतल्या सल्ल्याबद्दल माझी मुख्य तक्रार इथे आहे. पुढची चकती भागिले मागची चकती, एवढा भागाकार केला असता तर कळलं असतं. तो जितका लहान तितका गिअर सोपा. त्याचा आधीचा सर्वांत सोपा गिअर ३४ भागिले २८, म्हणजे १.२१. नवीन क्रँक घालून ३० भागिले २८, म्हणजे १.०७. आणि क्रँकला हातही न लावता मागे ११-३४ ची कॅसेट घातली असती तर ३४ भागिले ३४, बरोबर १. म्हणजे खर्च केलेल्या गिअरपेक्षा न केलेला गिअर सोपा! मागच्या डिरेलरची पाटी पाहिली, त्याच्यावर जीएस लिहिलेलं, म्हणजे लांब पिंजऱ्याचा. तो मागे ३४ दात्यांपर्यंत घेतो आणि त्याची एकूण क्षमता ३९ आहे. पुढचा फरक ५० वजा ३४, म्हणजे १६. मागचा फरक ३४ वजा ११, म्हणजे २३. बेरीज बरोबर ३९. एकही दाता इकडेतिकडे नाही.

तेच केलं. जुना क्रँक त्याच्या घरी कपाटावर होता, तो परत चढवला. १०५ ची ११-३४ कॅसेट आणली. या कॅसेटबरोबर १.८५ मिलिमीटरची एक पातळ रिंग येते, ती ११ स्पीडच्या रोड हबवर कॅसेटच्या मागे घालावी लागते. ती न घालता लॉकरिंग कितीही आवळली तरी कॅसेट डुगडुगते, म्हणून डबा उघडताना ती हरवू देऊ नये. चेन लांब घेतली, कारण पुढे आणि मागे दोन्हीकडे मोठी चकती आली की जुनी चेन तटतटली असती.

आणि मग पुढचा डिरेलर पहिल्यापासून लावला. केबल सोडून. आधी उंची, मग पट्टी चकतीला समांतर. या मालिकेच्या ब्रेझ-ऑन डिरेलरला एक छोटा आधाराचा बोल्ट असतो, जो सीट ट्यूबला टेकून कान पिळू देत नाही. दुकानात तो टेकवलेलाच नव्हता, आणि फ्रेम खरचटू नये म्हणून त्याखाली जी चिकट पत्री लावायची असते ती डब्यात तशीच होती. ती लावली, बोल्ट टेकवला. मग चेन पुढे लहान आणि मागे सर्वांत मोठ्या चकतीवर ठेवून एल स्क्रूने आतली पट्टी चेनच्या इतकी जवळ आणली की कागद जाईल पण बोटाचं नख नाही. नंतर केबल धरली, ताण दिला आणि सगळ्यात शेवटी एच. हा क्रम उलटा केला की प्रत्येक स्क्रू दुसऱ्याची चूक झाकत बसतो आणि कारागिराला काहीच कळत नाही. स्टँडवर पेडल हाताने फिरवत मी लिव्हर दाबला. चेन एका फेऱ्यात वर गेली आणि खाली येतानाही आत पडली नाही.

एवढा तपशील द्यायचं कारण असं की हा काही एकट्याचा प्रकार नाही. माझ्या जिन्याखाली येणाऱ्या सायकलींत हाच न जुळण्याचा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो. जुन्या पोलादी फ्रेमची सीट ट्यूब २८.६ मिलिमीटरची असते, नव्या अॅल्युमिनियमची ३१.८ किंवा ३४.९. मोठा पट्टा लहान नळीवर शिम (भरीची पातळ पट्टी) घालून बसतो, उलटं होत नाही. ऑनलाइन मागवताना मात्र हे माप कुणी बघत नाही, फोटो बघतात. एकाने एमटीबीचा (माउंटन बाइकचा) डिरेलर स्वस्त मिळाला म्हणून रोड बाइकला लावून आणला होता. त्यात केबल वरून येते आणि रोड फ्रेमवर ती खालून, बॉटम ब्रॅकेटखालून येते. आणि समजा दिशेचं काही जमवलंच, तरी रोडचा लिव्हर आणि एमटीबीचा डिरेलर यांचं केबल खेचण्याचं माप निराळं आहे. ते कुठल्याही स्क्रूने जुळत नाही.

शिमानोच्याच घरात पिढ्यांचा फरक आहे. १०५ चा १० स्पीडचा ५७०० आणि त्यानंतरचा ११ स्पीडचा ५८००, दोघांवर १०५ च लिहिलेलं असतं. पण ५८०० च्या डिरेलरचा हात (ज्याला केबल जोडतात तो) लांब केला गेला आणि केबलचं प्रमाण बदललं. एकाचा लिव्हर आणि दुसऱ्याचा डिरेलर ही जोडी कंपनीच्या तक्त्यात नाही. उलट टियाग्राची ४७०० मालिका १० स्पीडचीच आहे, तरी तिचा पुढचा डिरेलर नव्या लांब हाताच्या पद्धतीचा. फक्त स्पीड मोजून भाग घेणारा इथे हमखास फसतो. लांब हाताच्या या डिरेलरवर, १०५ च्या ५८०० आणि अल्टेग्राच्या ६८०० वर, केबल बोल्टपाशी कुठल्या बाजूने न्यायची हेही फ्रेमवरच्या केबलच्या कोनावर ठरतं आणि ते तपासायला एक छोटं हत्यार मिळतं. शिवाय तो लांब हात रुंद टायरला लागतो. २५ चा टायर काढून ३२ चा घातला आणि गिअर अडायला लागला, अशी सायकल आली तर मी आधी तिथे बघते. पुढे आर७००० मध्ये हा हात आखूड करून आत घेतला, तो काही उगाच नाही.

या सगळ्यातून सुटण्याचा एक जुना मार्ग आहे, तो आता कुणी सांगत नाही म्हणून सांगते. डावीकडे क्लिक नसलेला फ्रिक्शन लिव्हर लावला की केबलच्या मापाचा प्रश्नच संपतो. जितका हात फिरवाल तितकी केबल येते. लांबच्या प्रवासाला जुनी पोलादी सायकल वापरणाऱ्यांनी हँडलच्या टोकाला किंवा खालच्या नळीवर असा लिव्हर लावायला काहीच हरकत नाही. मात्र उंची, गोलाई आणि आडवं अंतर तिथेही बरोबरच लागतं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा भागावर वर्तमानपत्रात पत्र कशाला. २०१० च्या टूर द फ्रान्समध्ये पिवळी जर्सी अंगावर असलेल्या, म्हणजे शर्यतीत आघाडीवर असलेल्या, अँडी श्लेकची चेन पोर्ट द बालेसच्या चढावर गिअर बदलताना निसटली, आणि त्या दिवशी त्याचे ३९ सेकंद गेले. तो जगातल्या उत्तम कारागिरांनी लावलेल्या सायकलवर होता. आपल्याकडे मुलगा खंबाटकीच्या वळणावर गिअर उतरवतो, चेन आत पडते, पेडल मोकळं फिरतं, सायकल जागच्या जागी थांबते आणि मागे ट्रक असतो. त्याला पाय काढून उतरायला वेळ मिळेलच असं नाही. म्हणून मला हा विषय सेकंदांचा वाटत नाही.

दुकानातल्या पोरांना मी दोष देत नाही. ती हुशार असतात, हात चांगला असतो. पण त्यांना कुणी तक्ता दाखवलेला नसतो. कंपन्यांची जुळणीची पत्रकं इंटरनेटवर फुकट आहेत, पण इंग्रजीत. दुकानदार ती छापून भिंतीला लावत नाहीत. कारागिराच्या हातात पाना दिला जातो, व्हर्नियर दिला जात नाही. माझ्या ट्रेडमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलाला आम्ही मोजमाप शिकवल्याशिवाय कानस हातात देत नव्हतो. सायकलच्या दुकानात मात्र मोजमाप शेवटी, तेही गिऱ्हाईक भांडायला आलं तर.

त्या मुलाचं बिल मी पाहिलं. त्यावर "क्रँक सेट, १ नग" आणि "डिरेलर, १ नग" एवढंच. मॉडेल नंबर नाही, दात्यांची संख्या नाही. तो परत करायला गेला तेव्हा दुकानाने घ्यायला नकार दिला, आणि बिलावरून हे सिद्धही करता येईना की त्यांनी न जुळणारा भाग विकला. माझी दुकानदारांना विनंती आहे की बिलावर भागाचा पूर्ण क्रमांक लिहावा. तो भागाच्या पाठीवर कोरलेलाच असतो, नुसता उतरवून घ्यायचा. क्रँक विकण्याआधी गिऱ्हाइकाच्या सायकलवरच्या पुढच्या डिरेलरचा आणि डाव्या लिव्हरचा क्रमांक वाचावा. डिरेलर ब्रेझ-ऑन असेल तर खाचेत खाली किती जागा उरली आहे ते मोजावं आणि कमी होणाऱ्या दात्यांची दुप्पट करून तितके मिलिमीटर आहेत का ते पाहावं. याला पाच मिनिटंही लागत नाहीत. जागा नसेल तर गिऱ्हाइकाला सांगावं की कॅसेट बदल, क्रँक राहू दे. विक्री लहान होईल, पण गिऱ्हाईक परत येईल.

सायकल घेणाऱ्यांनाही सांगते. दुकानात जाण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढा: डाव्या लिव्हरच्या खालच्या बाजूचा नंबर, पुढच्या डिरेलरच्या आतल्या बाजूचा नंबर, क्रँकच्या आतल्या बाजूचा नंबर, आणि सीट ट्यूबवर डिरेलर कसा धरलाय तो. हे फोटो दाखवूनच भाग मागा. आणि गिअर सोपे हवे असतील तर आधी मागच्या डिरेलरवर एसएस (आखूड पिंजरा) आहे की जीएस (लांब पिंजरा) ते वाचा. जीएस असेल तर बहुतेक तुमचं काम मागेच होईल.

आपल्या पुरवणीला माझी विनंती एवढीच की त्या लेखाला जोडून एक चौकट छापावी. तीत एक दाता म्हणजे २ मिलिमीटर, पट्टी आणि दात्यांत १ ते ३ मिलिमीटर, जीआरएक्सच्या चकत्या २.५ मिलिमीटर बाहेर, आणि चकत्यांचा भागाकार, एवढं आलं तरी पुरे. मराठीत छापून आलं तर दुकानातला पोरगा ते कापून टूलबोर्डवर चिकटवेल. चौकट तयार करायला मदत लागली तर मी ती आकृतीसह काढून देईन. फ्रेमच्या कानाचा आणि पिंजऱ्याचा फोटोही माझ्याकडे आहे, मालकाची परवानगी घेतली आहे.

आपली,
एक निवृत्त शिल्प निदेशक (फिटर),
चिंचवड, पुणे ३३